कोकणच्या परसात ड्रॅगन फ्रूट: फुले येतात, मग फळ का धरत नाही?

चिपळूण तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘माझ्या भाच्याची सांगोल्याजवळ लाल गराच्या ड्रॅगन फ्रूटची बाग आहे. अडीच वर्षांपूर्वी त्याने आपल्या एका जोमदार झाडाचे तीन तुकडे मला लावायला आणून दिले. पहिला आम्ही आगरात सुपारीच्या बुंध्याशी लावून मिरीच्या वेलासारखा वर चढवला. तो खूप उंच गेला, पण काडीसारखा बारीक राहिला आणि त्याला एकही फूल आले नाही. दुसरा मागच्या पडवीच्या कडेला, माडाला करतो तसे आळे करून लावला. तो गेल्या श्रावणात बुडापासून पिवळा पडून कुजू लागला, आता त्याचा फक्त वरचा भाग हिरवा आहे. तिसरा गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, भरपूर उन्हात, सिमेंटच्या खांबावर उत्तम वाढला आहे. त्याला गेल्या पावसाळ्यात फुलेही आली, पण प्रत्येक फूल चार-सहा दिवसांत पिवळे होऊन गळून पडले. भाचा म्हणतो, कोकणच्या पावसात हे झाड यायचे नाही, काढून टाक. शेजारी म्हणतात, युरिया घाला. मी काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

झाड काढून टाकू नका आणि युरियाही घालू नका. आपण एकाच झाडाचे तीन तुकडे तीन वेगळ्या जागी लावलेत, त्यामुळे आपल्या परसात कोठे काय कमी पडते हे त्या तीन झाडांनीच स्पष्ट दाखवून दिले आहे. भाच्याचे म्हणणे समजण्यासारखे आहे, कारण सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपल्याकडे तो तीन हजारांच्याही वर जातो. तरीही ड्रॅगन फ्रूटचे नुकसान पडणाऱ्या पावसाने होते त्यापेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने कितीतरी अधिक होते. पाण्याला वाट करून दिली, पुरेसे ऊन मिळू दिले आणि फूल उमलते त्या रात्री थोडी मेहनत घेतली, तर घरापुरती फळे कोकणातही मिळतात. व्यापारी बाग करण्याचा सल्ला मात्र मी आपल्या भागात सहसा देणार नाही, आणि आपण तो विचारलेलाही नाही.

हे झाड निवडुंगाच्या कुळातले आहे, म्हणून ते वाळवंटातले असावे अशी समजूत सर्वत्र आढळते आणि अर्ध्या चुका तेथूनच सुरू होतात. त्याचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील उष्ण जंगलांत आहे. तेथे ते झाडांवर आणि खडकांवर हवेतल्या मुळांनी धरून चढते, आणि जमिनीतली त्याची मुळे वरच्या वीतभर थरात, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत मातीत पसरलेली असतात. त्याला दमट हवा आणि कुजलेला पाला चालतो, पाऊसही चालतो, परंतु मुळांना हवा मिळालीच पाहिजे. उघड्या कातळावरून पाणी जसे लगेच निघून जाते, तसे ते त्याच्या मुळांजवळून निघून गेले पाहिजे.

आता पहिल्या झाडाचे पाहू. मिरी सावलीत वाढणारी वेल आहे, म्हणून सुपारीच्या आगरात ती सुखाने फळते. ड्रॅगन फ्रूट वेलीसारखे चढत असले, तरी फुलांसाठी त्याला रोज किमान सहा तास उघडे ऊन लागते. सावलीत ते उजेडाच्या शोधात लांबत जाते, फांद्यांची जाडी कमी होते, तिन्ही कडा चपट्या राहतात आणि अन्नसाठा होत नाही. शिवाय सुपारीवर ते जितके वर चढेल तितके ते चढतच राहील. फुले प्रामुख्याने पक्व आणि खाली लोंबणाऱ्या फांद्यांवर येतात, म्हणून वर चढण्याला कोठेतरी शेवट असावा लागतो. हे झाड आपण पावसाळा संपल्यावर उतरवून घ्यावे, त्यातला सर्वांत जाड आणि गडद हिरवा भाग निवडून हातभर लांबीचे तुकडे करावेत आणि बाकीचे टाकून द्यावे. बारीक फांद्यांचे तुकडेही रुजतात, पण त्यांना जोम धरायला फार काळ लागतो, त्यामुळे त्यांच्यावर जागा अडवू नये.

दुसऱ्या झाडाच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. पडवीच्या कडेला लावल्यामुळे पागोळ्यांचे पाणी चार महिने थेट त्याच्या बुडाशी पडत राहिले, आणि माडाला उपयोगी पडणाऱ्या आळ्याने ते पाणी तेथेच धरून ठेवले. ड्रॅगन फ्रूटला आळे कधीही करू नये. त्याला आळ्याच्या नेमके उलट, म्हणजे मातीचा उंचवटा लागतो. कुजलेल्या भागाला हात लावून पाहिलात तर साल मऊ लागेल आणि दाबल्यावर तपकिरी, दुर्गंधी असलेले पाणी येईल, परंतु आतला लाकडासारखा दोरा बहुधा टिकून असेल. वरचा हिरवा भाग आजच वाचवायला घ्यावा. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने कुजक्या भागाच्या चांगले वीतभर वर काप घ्यावा आणि कापलेल्या तोंडाकडे नीट पाहावे. मधला गाभा पांढरट-हिरवा आणि स्वच्छ दिसला पाहिजे. त्यात तांबूस किंवा तपकिरी ठिपका वा वर्तुळ दिसले, तर रोग वर सरकलेला आहे असे समजून सुरी पुन्हा पुसून आणखी वर काप घ्यावा, आणि गाभा पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहावे. काढलेला कुजका भाग खतखड्ड्यात टाकू नये, तो वाळवून जाळावा.

चांगले तुकडे लगेच मातीत खोचण्याचा मोह आवरावा. ते सावलीत, हवेशीर जागी पाच ते सात दिवस नुसते ठेवावेत, म्हणजे कापलेल्या तोंडावर कोरडी खपली धरते. ओल्या जखमेसह लावलेला तुकडा आपल्या दमट हवेत हमखास कुजतो. तुकड्याचे खालचे टोक कोणते हे कापतानाच खडूने खूण करून ठेवावे, कारण नंतर ते ओळखणे कठीण जाते. लावताना ते दीड-दोन इंचच मातीत जाऊ द्यावे आणि सुतळीने खांबाला सैल बांधावे. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात.

जागा गडग्याजवळची, आपल्या तिसऱ्या झाडाच्या बाजूचीच घ्यावी. दोन खांबांत आठ ते दहा फूट अंतर राहू द्यावे. तेथे साधारण चार फूट व्यासाचा आणि दीड फूट उंचीचा उंचवटा करून त्याला चिऱ्यांची कड द्यावी, पण चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरू नये, म्हणजे पाणी बाजूंनीही निघून जाईल. भरावासाठी जांभ्याची भुसभुशीत माती, जाडी वाळू, विटांचा वा चिऱ्यांचा बारीक चुरा आणि चांगले कुजलेले शेणखत एकत्र करावे. खाचरातली चिकण माती त्यात मुळीच घालू नये. उंचवटा तयार झाल्यावर त्यावर दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. काही मिनिटांत पाणी वरून दिसेनासे झाले पाहिजे. ते डबक्यासारखे थांबले, तर लावणीपूर्वीच भराव सुधारावा, कारण झाड लावल्यानंतर हे काम करता येत नाही.

लावणीचा काळ आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. देशावरचे शेतकरी पावसाच्या तोंडावर लावणी करतात, कारण त्यांना त्या पाण्याचा उपयोग होतो. कोकणात जूनमध्ये लावलेला तुकडा मुळे धरण्यापूर्वीच संततधारेत सापडतो. आपण पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास लावणी करावी, म्हणजे पुढच्या मृगापर्यंत सात महिने मिळतात आणि झाड आपल्या मुळांवर उभे राहते.

खांबाबद्दल थोडे सांगतो. भरलेल्या झाडाचे वजन बरेच होते, आणि आपल्याकडे ते वजन नेमके माती भिजलेली आणि वारा जोराचा असताना खांबावर येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात उत्तर रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यांच्या सुपारीच्या बागा कशा आडव्या झाल्या, हे आपण जाणताच. म्हणून सिमेंटचा खांब जमिनीवर पाच फूट आणि जमिनीत दोन फूट असा, बुडाशी काँक्रीट घालूनच उभा करावा. माथ्यावर सळईची फुली करून त्यावर स्कूटरचे जुने टायर बसवावे, आणि फांद्या त्या टायरमधून बाहेर काढून चारी बाजूंना लोंबू द्याव्यात. उघड्या सळईवर किंवा तारेवर फांदी टेकू देऊ नये. उन्हाने तापलेले लोखंड फांदीला डाग देते आणि त्या जखमेतून पुढे कूज शिरते. खांबाच्या माथ्यापर्यंत एकच मुख्य खोड ठेवून बाजूचे सगळे फुटवे काढत राहावे. ते माथ्यावर पोहोचले की शेंडा खुडावा, म्हणजे तेथून फांद्या फुटतात.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो.

गडग्याजवळच्या झाडाला ऊन आहे, निचरा आहे, आधार आहे आणि फुले येत आहेत. याचा अर्थ झाड निरोगी आहे आणि खताची उणीव हे फूल गळण्याचे कारण नाही. कारण परागीभवनात आहे. ड्रॅगन फ्रूटचे फूल सूर्यास्तानंतर उमलू लागते, रात्री दहा-अकराच्या सुमारास पूर्ण उघडते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की कायमचे मिटते. मूळ प्रदेशात त्याच्याकडे रात्री वटवाघळे आणि मोठे पतंग येतात. आपल्याकडे हे काम मुख्यतः पहाटेच्या मधमाश्यांवर सोपवलेले असते, आणि कोकणातल्या आषाढाच्या पहाटे मधमाशी पोळ्याबाहेर पडत नाही. जे परागकण असतात तेही पावसाने धुऊन जातात. आपल्या तिसऱ्या झाडाची ही एक अडचण झाली.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती पावसाशी संबंधित नाही. पांढऱ्या गराच्या जातीत बहुधा स्वतःच्याच परागकणांनी फळ धरते, पण लाल गराच्या अनेक वाणांत झाड आपलेच पराग स्वीकारत नाही. आपले तिन्ही तुकडे एकाच झाडाचे आहेत, म्हणजे वनस्पतीच्या हिशेबाने ती तीन झाडे नसून एकच झाड आहे. उद्या तिन्हींना एका रात्री फुले आली, तरी त्यांच्या परागांचा एकमेकांना उपयोग होण्याची शक्यता कमी आहे. भाच्याच्या बागेत ही अडचण जाणवत नाही, कारण शेकडो खांबांच्या बागेत सहसा एकाहून अधिक झाडांचे, कित्येकदा एकाहून अधिक वाणांचे बेणे आलेले असते आणि मधमाश्या मुबलक असतात. म्हणून येत्या दिवाळीला त्याच्याकडून किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून पांढऱ्या गराच्या जातीचे एक-दोन तुकडे अवश्य मागवावेत. ते झाड स्वतः फळेल आणि लाल झाडालाही पराग देईल. आपल्या परसात मला एकच बदल सुचवायचा असता, तर मी हाच सुचवला असता.

हाताने परागीभवन करणे कठीण नाही. कळी दिसल्यापासून साधारण दोन ते चार आठवड्यांत ती उमलते. उमलण्याच्या दिवशी दुपारनंतर तिचे टोक फुगीर आणि पांढरट होते व पाकळ्या सैल पडू लागतात. रात्री नऊ-दहानंतर बॅटरी घेऊन जावे. उघडलेल्या फुलात पाहिल्यास पिवळ्या परागांनी भरलेल्या शेकडो बारीक केसरांचे कडे दिसेल आणि त्याच्या मधून बाहेर आलेला, टोकाला फिकट बोटांसारखा पसरलेला जाडसर दांडा दिसेल. पराग त्या बोटांवर पोहोचवायचे आहेत. पांढऱ्या जातीच्या फुलाखाली कोरडी वाटी धरून फुलाला हलकेच टिचकी मारली, की पराग वाटीत पडतात. मऊ कोरड्या ब्रशने ते लाल जातीच्या फुलातील त्या बोटांवर सगळीकडे लावावेत. दोन्ही झाडे एका रात्री फुलली नाहीत, तर पराग कोरड्या डबीत घालून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवता येतात. दव किंवा पाणी लागलेले पराग ठेवू नयेत.

पावसाचा बंदोबस्त संध्याकाळीच करावा. घरातली जुनी छत्री खांबाला अशी बांधावी, की फूल तिच्याखाली येईल आणि खालून हवा खेळती राहील. ती दुसऱ्या दिवशी दुपारी काढून घ्यावी. फुलाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधू नये, आत घाम धरून फूल कुजते.

परागीभवन साधले की नाही हे चार-सहा दिवसांत कळते. साधले नसेल, तर फुलाच्या मागचा हिरवा भाग, जो पुढे फळ होणार असतो, तोच पिवळा पडतो आणि फुलासकट गळतो. आपण वर्णन केले आहे ते हेच. साधले असेल, तर पाकळ्या सुकतात, पण मागचा भाग हिरवागार राहून फुगू लागतो. त्यानंतर सुकलेल्या पाकळ्या हलक्या हाताने ओढून काढाव्यात, कारण पावसात त्या लगद्यासारख्या कुजतात आणि तेथून कोवळ्या फळाला बुरशी लागते.

या झाडाला फुले मोठ्या दिवसांच्या काळात, मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत लाटेलाटेने येतात. कोकणात त्यातला मधला मोठा काळ मुसळधार पावसाचा असतो. जुलैतल्या प्रत्येक फुलामागे रात्री जागणे मी आपल्याला सांगणार नाही. मे अखेरची फुले आणि त्यानंतर भाद्रपद-आश्विनातली फुले, ही आपली खरी फुले समजून त्यांच्यासाठी कष्ट घ्यावेत. त्या दोन लाटांत पाऊस त्या मानाने कमी असतो आणि मधमाश्याही मदतीला येतात.

खताविषयी. युरियाने फांद्या भराभर, पण मऊ आणि पाणीदार वाढतात, आणि आपल्या हवेत अशीच वाढ सर्वांत आधी कुजते. एका खांबाला वर्षाकाठी दहा-पंधरा किलो कुजलेले शेणखत दोन वेळा विभागून, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मार्चच्या सुमारास द्यावे. त्याबरोबर ओंजळभर निंबोळी पेंड घालावी. खत उंचवट्यावर पसरून त्यावर सुक्या पाल्याचा थर द्यावा, पण खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवावी. माती खणू नये, मुळे अगदी वर असतात. पाणी पावसाळ्यानंतर आठवड्यातून एकदा आणि एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी, बेताने द्यावे.

गडग्याजवळच्या झाडाला उन्हाळ्यात आणखी एक त्रास संभवतो. गडग्याचा जांभा दगड दिवसभर तापतो आणि पश्चिमेचे ऊन त्याच बाजूने आले, तर फांद्यांवर पिवळे-पांढरे डाग पडून साल करपते. मार्च अखेरीस त्या बाजूला माडाच्या झावळ्या उभ्या बांधाव्यात आणि पहिला पाऊस झाल्यावर लगेच काढून टाकाव्यात.

पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस कळ्या वगळून फांद्यांवर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक, एकदा फवारावे. सुपारीच्या कोळेरोगासाठी आपल्या आगरात ते फवारले जातच असेल, तर त्यातलेच घेता येईल. घरी करायचे असल्यास एक लिटरसाठी दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना घ्यावा. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवावेत, आणि मग तिसऱ्या भांड्यात दोन्ही एकाच वेळी ओतत काठीने ढवळावे. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला, तर थोडी चुन्याची निवळी वाढवावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पावसाळ्यात फांदीवर तपकिरी, खोलगट ठिपके दिसू लागले, तर उघडीप मिळताच तेवढा भाग स्वच्छ सुरीने कापून काढावा. कोवळे शेंडे कुरतडलेले आढळले, तर ते काम गोगलगायींचे असते. त्यासाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट रात्री उंचवट्याजवळ पसरून ठेवावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

फुलापासून साधारण पाच आठवड्यांत फळ तयार होते. हे फळ काढल्यानंतर आंब्यासारखे अढीत पिकत नाही, म्हणून ते घाईने काढू नये. हिरवी साल गुलाबी-लाल होऊ लागल्यावर चार-पाच दिवस थांबावे, म्हणजे गोडी भरते. त्या दिवसांत मोठा पाऊस लागला, तर मात्र फळ तडकते, तेव्हा आभाळ पाहून एक-दोन दिवस आधी काढलेले बरे. रंग धरताच फळाला जुन्या सुती कापडाची पिशवी बांधावी, नाहीतर बुलबुल आणि वटवाघळे आपल्या आधी पोहोचतात. फळ पिळून तोडू नये, देठाशी कात्रीने कापावे.

शेवटचे फळ उतरले, की कार्तिकात छाटणी करावी. एकमेकांखाली दडपलेल्या, रोगट आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या काढाव्यात, उरलेल्या फांद्यांमधून ऊन खांबापर्यंत पोहोचेल इतपत मोकळीक ठेवावी, आणि पांढऱ्या जातीचे तुकडे त्याच सुमारास नव्या उंचवट्यावर लावावेत.